भोपळ्याचा बँजो: घरची बांधणी आणि ओल्ड-टाइम वादनाची सुरुवात

अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन डोंगररांगांत, म्हणजे व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी आणि केंटकी या राज्यांच्या डोंगराळ पट्ट्यात, नाचासाठी वाजवल्या जाणाऱ्या जुन्या धुनांची एक परंपरा आजही जिवंत आहे. तिला तेथे ‘ओल्ड-टाइम’ संगीत म्हणतात, आणि फिडल, म्हणजे लोकपद्धतीने वाजवले जाणारे व्हायोलिन, व पाच तारांचा बँजो या जोडीवर तिचा सारा डोलारा उभा आहे. या परंपरेत वाद्य घरी घडवणे हे वाद्य वाजवण्याइतकेच स्वाभाविक मानले गेले. नॉर्थ कॅरोलिनातील फ्रँक प्रॉफिट (१९१३–१९६५) हे शेती करणारे गायक आपले बिनपडद्यांचे, म्हणजे दांड्यावर स्वरांच्या आडव्या पट्ट्या नसलेले, बँजो वडिलांप्रमाणेच स्वतः लाकडातून घडवत असत. महाराष्ट्रात गणपतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या ज्या वाद्याला बँजो म्हणतात, ते बुलबुलतरंगाच्या जातीचे, बटणांचे वाद्य आहे. त्याचा या लेखातील वाद्याशी संबंध नाही.

ज्यांनी आजवर एकही वाद्य बनवलेले नाही, परंतु करवत, कानस आणि ड्रिल हाताळण्याची ज्यांची तयारी आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यामागचा माझा आग्रह एकच आहे: बँजो बांधताना त्याचे प्रत्येक माप उजव्या हाताच्या आघाताच्या सोयीने ठरवावे. पाचवी तार आखूड का असते, घोडी, म्हणजे कातड्यावर उभा राहून तारा पेलणारा लाकडी तुकडा, किती उंच असावी, तारांमध्ये किती अंतर ठेवावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे सुतारकामात नसून वादनात आहेत. म्हणून बांधणीला हात घालण्यापूर्वी या लेखाचा वादनाचा भागही वाचून घ्यावा.

भोपळाच का

बँजो हे मुळात आफ्रिकी वंशाचे वाद्य आहे. पश्चिम आफ्रिकेत भोपळ्यावर कातडे ताणून, आरपार काठी घालून केलेली तंतुवाद्ये पूर्वापार आहेत. सेनेगाल आणि गांबियाच्या परिसरातील जोला समाजाचे ‘अकोंटिंग’ हे त्यांपैकी एक. त्याची एक तार आखूड असते, ती अंगठ्याने वाजवतात, आणि दुसऱ्या बोटाचे नख तारेवर वरून खाली मारतात. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेलेल्या माणसांनी तेथे जे वाद्य घडवले, ते या कुळातले होते. हान्स स्लोन या डॉक्टरांनी जमैकात १६८७–८८ मध्ये अशी वाद्ये पाहिली आणि १७०७ साली त्यांचे चित्र छापले. साउथ कॅरोलिनात सुमारे १७८५ ते १७९० दरम्यान रंगवलेल्या एका जलरंगचित्रात भोपळ्याचा बँजो वाजवणारा माणूस दिसतो, आणि त्या वाद्याची आखूड तार त्यात स्पष्ट ओळखू येते. हैतीमधून गुलामगिरीचे फ्रेंच विरोधक व्हिक्टर शोल्शेर यांनी १८४१ च्या सुमारास आणलेला ‘बांझा’, म्हणजे तिकडचा भोपळ्याचा बँजो, आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. लाकडी कड्याचा बँजो त्यानंतरचा. बाल्टिमोरचे विल्यम बाउचर यांनी १८४० च्या दशकात तो कारखान्यात बनवून विकायला सुरुवात केली, आणि पडदे व स्टीलच्या तारा या गोष्टी त्याच्याही नंतर आल्या.

नवशिक्याने याच जुन्या रूपापासून सुरुवात करावी असे मला वाटते. भोपळ्याच्या बँजोला लाकूड वाफवून वाकवावे लागत नाही, धातूचे सुटे भाग लागत नाहीत, आणि त्याचा खोल, मऊ आवाज घरात शिकणाऱ्याला व शेजाऱ्यांनाही सुसह्य असतो. शिवाय पडदे बसवण्याचे सर्वांत किचकट काम मुळातच वगळले जाते.

साहित्य जमवताना

भोपळा पूर्ण वाळलेला, टणक सालीचा आणि साधारण २३ ते २८ सेंटिमीटर व्यासाचा असावा. त्याची भिंत किमान ५ ते ६ मिलिमीटर जाड हवी, कारण तिच्यात चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या आहेत. महाराष्ट्रात राहणाऱ्यांना हे तुलनेने सोपे आहे. मिरजेच्या तंबोऱ्या-सतारींसाठी लागणारे भोपळे पंढरपूरच्या परिसरात पिकतात. वाद्यकारांना मोठे भोपळे हवे असतात, त्यामुळे आपल्याला लागणारे लहान आकाराचे भोपळे विचारपूस केल्यास मिळू शकतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना भोपळे पिकवून वाळवून विकणाऱ्या शेतांकडून ते मागवता येतात.

कातडे बकऱ्याचे, केस काढलेले पण न कमावलेले असावे. तबला-ढोलकीची पुडी बसवणाऱ्या कारागिराकडे ते मिळते, आणि तेथे गेल्यावर कातडे कसे भिजवतात व ताणतात हे पाहून घेणे फार उपयोगाचे ठरते. ज्यांना कातडे वापरायचे नाही, त्यांनी भोपळ्याऐवजी २० सेंटिमीटर व्यासाचा गोल पत्र्याचा बिस्किटांचा डबा घ्यावा. डब्याचा तळच कातड्याचे काम करतो. आवाज कोरडा आणि थोडा खणखणीत येतो, पण बाकीची मापे तशीच्या तशी लागू पडतात.

दांड्यासाठी सरळ रेषांचे, गाठी नसलेले आणि पूर्ण मुरलेले लाकूड हवे: लांबी १ मीटर, रुंदी ६ सेंटिमीटर, जाडी साडेचार सेंटिमीटर. अमेरिकेत मेपल, चेरी किंवा अक्रोड वापरतात. आपल्याकडे शिसव उत्तम, आणि सतारीसाठी वापरले जाणारे तूनही चालते. सागवान टिकाऊ असले तरी तेलकट असल्यामुळे त्यावर सरस नीट धरत नाही. आपल्या रचनेत दांडा अखंड असल्याने ही अडचण फारशी येत नाही, एवढेच. याशिवाय व्हायोलिनच्या किंवा व्हायोलाच्या निमुळत्या पाच खुंट्या, पितळी चुका, घोडीसाठी कठीण लाकडाचा तुकडा, दांड्याच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या वरच्या पट्टीसाठी हाड किंवा शिसवीची चीप, आणि क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारांचे दोन संच घ्यावेत.

भोपळा कापणे

भोपळ्याचे तोंड कोठे कापायचे हे ठरवण्यासाठी तो पाण्याने भरलेल्या बादलीत अर्धवट बुडवावा आणि पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करावी. रेषा आपोआप एका पातळीत येते. कापल्यावर तोंडाचा व्यास २० ते २२ सेंटिमीटर आला पाहिजे. बारीक दातांच्या करवतीने सावकाश कापावे. आतला गर आणि बिया खरवडताना उडणारी धूळ बुरशीयुक्त असते व फुफ्फुसाला त्रास देते, म्हणून मास्क लावूनच आणि उघड्यावर हे काम करावे. आतील भाग गुळगुळीत होईपर्यंत घासावा, कारण सैल राहिलेला गर पुढे तारांबरोबर खरखर करतो. शेवटी एका सपाट फळीवर सँडपेपर चिकटवून त्यावर भोपळ्याचे तोंड गोल गोल फिरवत घासावे, म्हणजे कड सर्व बाजूंनी सारखी टेकेल. कडेचा बाहेरचा कोपरा हलकेच गोलसर करावा. धारदार राहिल्यास तो ताणलेले कातडे कापतो. बाजूच्या भिंतीत, वादकाच्या चेहऱ्याकडे येईल अशा ठिकाणी, तीन सेंटिमीटरचे एक भोक पाडावे. आवाज तेथून मोकळा होतो, आणि तो वाजवणाऱ्यालाही ऐकू येतो.

दांडा: येथे घाई करू नये

या वाद्याचा कणा म्हणजे दांडा. तो भोपळ्यापाशी संपत नाही. त्याचाच पुढचा भाग बारीक काठी होऊन भोपळ्यातून आरपार जातो आणि शेपटीकडे सव्वा-दीड सेंटिमीटर बाहेर येतो. तारांचा सारा ओढा ही काठी पेलते, भोपळ्यावर तो येत नाही. म्हणूनच इतके नाजूक दिसणारे वाद्य वर्षानुवर्षे टिकते.

तारेची वाजणारी लांबी, म्हणजे वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचे अंतर, आपण ६५० मिलिमीटर धरू. क्लासिकल गिटारची लांबीही साधारण एवढीच असल्यामुळे तिच्या तारा येथे योग्य ताणाने बसतात. घोडी कातड्याच्या मधोमध न ठेवता शेपटीच्या बाजूला, कडेपासून सात-साडेसात सेंटिमीटरवर ठेवायची आहे. तोंडाचा व्यास २२ सेंटिमीटर असेल, तर वरच्या पट्टीपासून भोपळ्याच्या कडेपर्यंत दांडा सुमारे ५०५ मिलिमीटर भरेल. त्याच्यावर चार खुंट्यांसाठी १६ सेंटिमीटरचे शिर ठेवावे आणि ते थोडे मागे झुकते कोरावे, म्हणजे तारा पट्टीवर दाबून बसतील. दांड्याची रुंदी पट्टीपाशी ३८ मिलिमीटर आणि भोपळ्यापाशी ५० मिलिमीटर असावी. जाडी शेवटी २२ ते २५ मिलिमीटरवर आणायची, पण ती सर्वांत शेवटी, वाद्य हातात धरून, अंगठा आणि बोटे दांड्याभोवती सहज फिरतात का ते पाहत पाहत कमी करावी.

पाचव्या तारेची खुंटी शिरावर नसते. ती दांड्याच्या बाजूला, वरच्या पट्टीपासून लांबीच्या साधारण एक चतुर्थांश अंतरावर, म्हणजे आपल्या मापात १६३ मिलिमीटरवर बसते. या जागी दांडा अंगठ्याच्या बाजूने एका पायरीने रुंद होतो, आणि खुंटीच्या पुढे एक बारीक खिळा किंवा हाडाचा मणी ठेवून त्यावरून तार घोडीकडे जाते. पायरी गोलसर आणि गुळगुळीत असावी, कारण डावा हात वर-खाली सरकताना तो तिलाच घासून जातो.

काठी किती खाली ठेवायची, हा या कामातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. काठीचा वरचा पृष्ठभाग कातड्यापासून किमान १० ते १२ मिलिमीटर खाली हवा, नाहीतर कातडे कंप पावताना तिला थटते. दुसरीकडे, बोटे ज्यावर फिरतात तो दांड्याचा पृष्ठभाग कातड्याच्या पातळीपेक्षा ५–६ मिलिमीटर वर यावा. घोडी १६ मिलिमीटर उंच धरली, तर एवढ्याने भागत नाही. दांडा किंचित मागे कललेलाही असावा लागतो. हा कल कागदावर मोजत बसण्यापेक्षा दोऱ्याने तपासावा. भोपळ्याला दोन्ही बाजूंची चौकोनी छिद्रे आधी थोडी लहान ठेवून दांडा बसवावा, घोडीच्या जागी कडेच्या पातळीवर एक फळी टाकून तिच्यावर १६ मिलिमीटरचा ठोकळा ठेवावा, आणि पट्टीपासून ठोकळ्यावरून शेपटीपर्यंत दोरा ताणावा. दांडा भोपळ्याला मिळतो तेथे दोरा आणि लाकूड यांत साधारण ५ मिलिमीटर अंतर दिसले पाहिजे. अंतर जास्त वाटले तर शेपटीकडील छिद्र वरच्या कडेने जरासे कोरावे. काठीचे टोक वर सरकते आणि शिर मागे जाते. एकेक कानस मारून पुन्हा पुन्हा तपासावे. कोरलेले लाकूड परत भरता येत नाही.

खुंट्यांची छिद्रे निमुळत्या रीमरनेच मोठी करावीत, म्हणजे खुंटी पूर्ण लांबीभर छिद्राच्या भिंतीला टेकेल. खुंटी घसरत असेल तर खडू आणि अडकत असेल तर कोरडा साबण लावावा. दांड्याला शेवटी उकळवलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात, म्हणून मोकळी पसरून वाळवावीत.

कातडे चढवणे

दांडा तात्पुरता काढून ठेवावा. कातडे तोंडापेक्षा सर्व बाजूंनी सहा-सात सेंटिमीटर मोठे कापून साध्या, थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवावे. गरम पाणी कधीही वापरू नये; त्याने कातडे आकसून कडक व ठिसूळ होते. ते ओल्या कापडासारखे मऊ झाले की पाणी निथळून भोपळ्याच्या तोंडावर पसरावे.

भोपळ्याच्या भिंतीत चुकांसाठी आधीच बारीक छिद्रे पाडलेली असावीत: कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर खाली आणि एकमेकींपासून दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावर. छिद्रे न पाडता चुका ठोकल्या तर भोपळा तडकतो. पहिली चूक शेपटीकडे, दुसरी तिच्या बरोबर समोर दांड्याकडे, मग डावी आणि उजवी, अशा क्रमाने नेहमी समोरासमोर जात ठोकत जावे. कातडे हाताने घट्ट ओढावे, पण पक्कड घेऊन जिवाच्या आकांताने ताणू नये, कारण वाळताना ते स्वतःच आकसते आणि अतिरेक झाला तर एक तर चुका उपटल्या जातात किंवा भोपळ्याचे तोंड वाकडे होते. सुरकुत्या बाजूला, कडेच्या खाली नेऊन मिटवाव्यात.

नंतर दोन दिवस सावलीत वाळू द्यावे. पंखा, ऊन, हेअर ड्रायर यांपैकी काहीही वापरू नये. पूर्ण वाळलेल्या कातड्यावर टिचकी मारली की स्वच्छ नाद येतो. त्यानंतर काठीच्या छिद्रांवरील कातड्याला धारदार पात्याने चीर देऊन दांडा पुन्हा बसवावा आणि चुकांखालचे जादा कातडे कापून टाकावे.

पावसाळ्यात कातडे सैल पडते, घोडी खाली बसते आणि तारा दांड्यावर थटू लागतात. हलगी शेकावी तसे बँजोचे कातडेही विस्तवापासून सुरक्षित अंतरावर धरून शेकता येते, पण त्याहून सोयीचे म्हणजे १६ मिलिमीटरच्या घोडीबरोबर १८ ते १९ मिलिमीटरची दुसरी घोडीही करून ठेवणे आणि दमट दिवसांत ती लावणे.

तारा, घोडी आणि सुरावट

घोडी हलकी असावी. तळाशी दोन किंवा तीन पाय, मध्ये कमानी, आणि माथ्यावर तारांसाठी अगदी उथळ खाचा; पहिल्या आणि पाचव्या तारेतील अंतर ५० ते ५५ मिलिमीटर. यापेक्षा तारा जवळ आल्या की नख मारताना शेजारची तार लागते, आणि त्याचा दोष नवशिका आपल्या हाताला देत राहतो. शेपटीकडे, बाहेर आलेल्या काठीला जाड दोरा बांधून त्यात लाकडाची किंवा चामड्याची पट्टी अडकवावी आणि तारा तिला बांधाव्यात. तंबोऱ्याला लंगोट असते तेच काम ही पट्टी करते. घोडी कातड्याला चिकटवायची नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते.

तारांची गणना जमिनीच्या बाजूने होते: सर्वांत खालची पहिली, आणि अंगठ्याजवळची आखूड तार पाचवी. गिटारच्या संचातील चौथी, तिसरी, दुसरी आणि पहिली तार बँजोच्या त्याच क्रमांकाच्या जागी लावावी, आणि दुसऱ्या संचातील पहिली तार पाचव्या जागी. स्टीलच्या तारा या वाद्याला लावू नयेत. त्यांना जास्त ताण लागतो, बिनपडद्यांच्या लाकडाला त्या चरे पाडतात आणि नखही झिजवतात.

स्वर मिळवताना तिसरी तार सा धरावी. मग चौथी मंद्र प, दुसरी शुद्ध ग, पहिली मध्य प, आणि पाचवी तार सा, म्हणजे तिसरीच्या बरोबर एक सप्तक वर. आजच्या साध्या बँजोवर हा सा पांढरी पाचवर असतो. भोपळ्याच्या बँजोला तो पांढरी दोन ते पांढरी तीन यांच्या दरम्यान ठेवावा, तेथे त्याचा आवाज भरून येतो. बहुसंख्य धुना या एका जुळणीत शिकता येतात. दुसरी तार ग वरून शुद्ध म वर चढवली की ‘सॉमिल’ नावाची जुळणी होते; कोमल नी असलेल्या, काहीशा उदास छटेच्या धुनांना ती शोभते. तिसरी एक जुळणी नंतर लागेल: चौथी मंद्र सा, तिसरी मंद्र प, दुसरी मध्य सा, पहिली रे आणि पाचवी मध्य प. पण पहिले काही महिने जुळण्या बदलण्याच्या फंदात पडू नये.

उजवा हात

ओल्ड-टाइम बँजोची मुख्य पद्धत ‘क्लॉहॅमर’ या नावाने ओळखली जाते. हात सैल अर्धवट मुठीसारखा ठेवतात, तर्जनी किंवा मधले बोट किंचित पुढे असते, आणि त्याच्या नखाची पाठ तारेवर वरून खाली आदळते. बोट तार वर खेचत नाही. १९४५ च्या सुमारास अर्ल स्क्रग्ज यांनी लोकप्रिय केलेल्या ब्लूग्रास पद्धतीत अंगठा आणि दोन बोटे नख्या घालून तारा छेडतात. ते वेगळे तंत्र आहे आणि दोन्ही एकदम शिकू नयेत. अकोंटिंगवादनाशी क्लॉहॅमरचे साम्य उघड दिसते, आणि म्हणूनच हे तंत्र अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांच्या पिढ्यांनी जपलेला वारसा आहे, हे शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे असे मला वाटते.

मूळ ठेका दोन मात्रांचा असून त्याला ‘बम-डिटी’ म्हणतात. पहिल्या मात्रेला नख एकाच तारेवर पडते. धुनेचा स्वर तोच. दुसऱ्या मात्रेला नख खालच्या दोन-तीन तारांवरून हलके झाडले जाते, आणि त्याच मात्रेच्या उत्तरार्धात अंगठा पाचवी तार सोडतो. येथे खरी मेख आहे ती अशी: प्रत्येक खालच्या आघाताबरोबर अंगठा पाचव्या तारेवर येऊन टेकलाच पाहिजे, ती वाजवायची असो वा नसो. अंगठा तारेवर टेकलेला असतो, आणि हात वर उचलला जाताना तार आपोआप सुटते. अंगठ्याने ती वेगळी छेडायला जाल तर ठेका नेहमीच अर्ध्या क्षणाने मागे पडेल.

सराव असा करावा. प्रथम तारा न वाजवता मनगट आणि कोपर यांमधून हात खाली पडू द्यावा आणि अंगठा पाचव्या तारेवर बसतो की नाही एवढेच पाहावे. मग केवळ तिसरी तार आणि अंगठा: नख, अंगठा, नख, अंगठा. ते सहज होऊ लागले की मध्ये झाडणे आणावे. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवावा आणि आठवडाभर तो वाढवू नये. बोटाच्या सांध्यातून आघात करण्याची सवय लागली तर ती नंतर मोडायला फार कष्ट पडतात. आघात हाताच्या वजनातून यायला हवा, बोट फक्त आकार धरून ठेवते. हात दांडा आणि भोपळा मिळतात त्या जागेवर ठेवावा, घोडीजवळ नाही. त्या जोडाच्या जागी तारा सैल व मऊ लागतात आणि या वाद्याचा गोड नाद तेथेच सापडतो. नख फार वाढवायची गरज नाही, बोटाच्या टोकापुढे एक-दोन मिलिमीटर पुरे.

पडदे नसलेल्या दांड्यावर डावा हात

सा मिळवल्यावर दांड्याच्या कडेवर, वादकाला दिसतील अशा पेन्सिलीच्या खुणा कराव्यात. वरच्या पट्टीपासून मोजून ३६, ७१, १३४ आणि १६३ मिलिमीटर या चार खुणा सुरुवातीला पुरेशा आहेत. त्यांवरून शुद्ध स्वरांचे पूर्ण सप्तक मिळते: तिसरी तार मोकळी सा, ७१ वर रे, दुसरी मोकळी ग, ३६ वर म, पहिली मोकळी प, ७१ वर ध, १३४ वर नी आणि १६३ वर तार सा. हा शेवटचा सा आणि मोकळी पाचवी तार एकरूप ऐकू आले पाहिजेत. आले नाहीत तर खूण किंवा जुळणी यांपैकी एक चुकते आहे. भारतीय संगीत ऐकलेल्या कानाला बिनपडद्यांचा दांडा परका वाटत नाही, कारण मोकळ्या तारांचा आधार सतत वाजत असतो आणि बोट चुकीच्या जागी पडले की ते लगेच उमगते.

बोट तारेवर आपटून स्वर काढणे, बोट खेचून मोकळी तार वाजवणे, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणे, ही डाव्या हाताची तीन कामे. बिनपडद्यांच्या बँजोवर घसरणे सर्वांत सुंदर लागते. नॉर्थ कॅरोलिनाच्या सरी काउंटीतील राउंड पीक भागाचे टॉमी जारेल (१९०१–१९८५) आणि फ्रेड कॉकरहॅम यांचे बिनपडद्यांच्या बँजोवरील वादन मुद्दाम ऐकावे. अंगठा पाचवी तार सोडून आतल्या तारांवर उतरवण्याची खुबीही त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. मात्र हा अंगठ्याचा खेळ बम-डिटी झोपेतही वाजेल इतकी मुरल्यानंतरच सुरू करावा.

धुना कशा शिकाव्यात

‘क्रिपल क्रीक’ आणि ‘बॉइल देम कॅबेज डाउन’ या दोन पारंपरिक धुनांपासून सुरुवात करावी. दोन्ही सोप्या आहेत आणि कोणत्याही बैठकीत माहीत असतात. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात. एक भाग खालच्या स्वरांत आणि दुसरा वरच्या स्वरांत फिरतो, प्रत्येक भाग दोनदा वाजवतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. लिखित नोटेशनवर भर देऊ नये. प्रथम धून गुणगुणता आली पाहिजे, मग तिचे ठळक स्वर तेवढे पहिल्या मात्रेवर शोधावेत आणि मधली जागा झाडणे व अंगठा यांनी भरावी. धुनेचा प्रत्येक स्वर वाजवण्याचा हट्ट धरला की ठेका हरवतो, आणि हे संगीत नाचणाऱ्यांसाठी असल्यामुळे ठेका हरवलेली अचूक धून कोणाच्याच कामाची नसते.

ऐकण्यासाठी साहित्य विपुल आहे. व्हर्जिनियातील ग्लेन लिन येथील फिडलवादक हेन्री रीड (१८८४–१९६८) यांची ॲलन जबूर यांनी केलेली ध्वनिमुद्रणे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकता येतात, आणि स्मिथसोनियन फोकवेजच्या संग्रहात बँजोवादकांची मोठी परंपरा साठवलेली आहे. एक गोष्ट ऐकताना ध्यानात असावी. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्या वेगवेगळ्या नावांखाली विकल्या, आणि त्या विभागणीत कृष्णवर्णीय फिडल-बँजोवादकांना फार कमी जागा मिळाली. म्हणून नॉर्थ कॅरोलिनातील मेबेनचे फिडलवादक जो थॉम्पसन (१९१८–२०१२) यांचे वादन आवर्जून शोधून ऐकावे. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ या संचातील तरुण वादक त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून या धुना शिकले.

बैठकीत बसताना

अमेरिकेत राहणाऱ्यांना व्हर्जिनियातील गॅलॅक्स येथे १९३५ पासून भरणारे फिडलवादकांचे संमेलन किंवा वेस्ट व्हर्जिनियातील क्लिफटॉपचा उन्हाळी मेळावा गाठता येईल. लहान-मोठ्या शहरांतही साप्ताहिक बैठकी चालतात. तेथे एकेकाने पुढे येऊन एकल वादन करण्याची रीत नाही. सगळे जण एकच धून एकत्र, पुन्हा पुन्हा, कधी कधी दहा मिनिटांपर्यंत वाजवतात, फिडल पुढे चालते आणि बँजो तिच्या शेजारी बसून तिचा ठेका धरतो. शेवट जवळ आला की धून सुरू करणारा पाय उचलून खूण करतो. धून येत नसेल तर वर्तुळाबाहेर बसून हळू आवाजात, केवळ अंगठा आणि झाडणे यांवर साथ करावी. जुळणी बदलायला वेळ लागतो म्हणून एका स्वरपट्टीतल्या बऱ्याच धुना झाल्यावरच पुढच्या पट्टीकडे जातात. मध्येच दुसऱ्या पट्टीतली धून सुचवू नये.

फिडलवादकांच्या आवडत्या पट्ट्या म्हणजे पांढरी दोन आणि पांढरी सहा. भोपळ्याच्या बँजोचा सा पांढरी दोनवर मिळवला की पहिल्या पट्टीतल्या धुनांना तो थेट चालतो. पांढरी सहापर्यंत मात्र या तारा चढवू नयेत, ताण फार वाढतो. त्या धुनांच्या वेळी ऐकत बसावे, किंवा पुढे कधी ११ इंची तोंडाचा, पडद्यांचा दुसरा बँजो जवळ करून त्याच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारी पकड, लावून वाजवावे. उजव्या हाताला दोन्ही वाद्यांवर एकच काम करायचे असल्यामुळे नव्याने काही शिकावे लागत नाही.